मूल मारणारी बाई एकटी नव्हती

रेवाकाठ

परवा या चर्चामंचावर अमेलिया डायरवर एक टिपण आलं. सार असं: ही इंग्लंडमधली बाई पैसे घेऊन लोकांची तान्ही मुलं सांभाळायला न्यायची, गळा आवळून थेम्समध्ये टाकायची, 10 जून 1896ला न्यूगेट तुरुंगात फासावर गेली, अशी राक्षसीण शतकात एखादीच. खाली 'बापरे'ची रांग. आणि शेवटी एकाने लिहिलं, 'दहा पौंडांत मूल देऊन टाकणाऱ्या त्या आयांची तरी काय लायकी!' त्या वाक्याने माझी रात्रीची झोप गेली. म्हणून हे लांबलचक.

ज्या बाळाच्या खुनासाठी डायर फाशी गेली, त्या डोरिसच्या आईचं नाव एव्हेलिना मार्मन. चेल्टनहॅमला पबमध्ये काम करणारी, पंचविशीतली, लग्न न झालेली. तिने पेपरात जाहिरात दिली की बाळाला सांभाळायला कोणी भलं माणूस हवं. त्याच पानावर मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या एका जोडप्याची जाहिरात होती. एव्हेलिनाला मूल देऊन टाकायचं नव्हतंच. दर आठवड्याला पैसे देईन, हात जरा मोकळा झाला की घेऊन जाईन, असं तिने कळवलं होतं. समोरच्या 'मिसेस हार्डिंग'ने हट्ट धरला: आठवड्याचं नको, एकदाच दहा पौंड. तीच डायर. आई स्टेशनपर्यंत सोबत गेली, कपड्यांची पेटी दिली, रडत घरी आली. डोरिसचा जीव त्याच रात्री लंडनमधल्या विल्स्डनच्या एका खोलीत गेला. गळ्याभोवती शिवणकामाची पांढरी फीत. दुसऱ्या दिवशी तीच फीत सोडवून हॅरी सिमन्स नावाच्या बाळाला. दोघं एकाच पिशवीत, वर विटा. पोलिसांनी डायरच्या घराची झडती घेतली तेव्हा बाळांच्या कपड्यांच्या गहाणाच्या पावत्या मिळाल्या. टोपरीसुद्धा विकून खाल्ली होती.

माझं म्हणणं त्या दहा पौंडांबद्दल आहे. आठवड्याला पाच शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड) मिळत असतील तर मूल जगेल तोवर पैसा येतो. एकरकमी घेतले की पहिल्या दिवसापासून मूल म्हणजे निव्वळ खर्च, जितकं लवकर जाईल तितका नफा. हा धंदा डायरने काढला नाही. 1834च्या गरीब कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाची सगळी जबाबदारी आईवर टाकली आणि बापाला मोकळं सोडलं. 1844 मध्ये आईला कोर्टात जायची वाट मिळाली, तीही कमाल अडीच शिलिंग आठवड्याला, आणि बाप कोण याला तिच्या शब्दाबाहेरचा पुरावा हवा. तान्हं घेऊन मोलकरीण म्हणून कोणी ठेवत नव्हतं. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलात, म्हणजे टाकलेल्या मुलांच्या आश्रमात, जागा मोजक्या, त्यातही आईचं 'चारित्र्य' तपासून. मग उरलं काय? पेपरातली जाहिरात. आणि लायकी मात्र आईची काढायची?

कडवट_काढा

रेवाताई, लेख चांगला लिहिलाय, पण निष्कर्ष पटत नाही. परिस्थिती, कायदा, समाज... असं करत गेलं की खुनी बाई नुसती परिस्थितीची बळी होऊन बसते. त्या काळी हजारो बायका पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळत होत्या. त्यांनी नाही आवळले गळे. डायर नर्सिंग शिकलेली होती. तिच्याकडे इतकी मुलं कशी मरतात अशी एका डॉक्टरला शंका आली, 1879 मध्ये तिला हयगयीबद्दल सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हयगय! सुटली आणि पुन्हा तेच, आणखी सतरा वर्षं. दोष कशाचा असेल तर ढिल्या तपासणीचा.

आणि हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असताना आम्ही तिला ठाण्याच्या एका घरगुती पाळणाघरात ठेवत होतो. नाव घेत नाही. संध्याकाळी आणायला गेलो की पोरगी गाढ झोपलेली. आम्ही खूश, काय शहाणं बाळ. एकदा दुपारी तीनला अचानक गेलो. सहा मुलं चटईवर ओळीने झोपलेली, टीव्ही चालू, ओट्यावर कफ सिरपची बाटली आणि एकच चमचा, चिकट. खोकला एकालाही नव्हता. मी त्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, 'अहो, सगळेच देतात.' त्या घराला ना परवाना, ना कोणी बघायला येणारं. त्यामुळे मला 'धंद्याची रचना' समजावू नका.

गिरणगाव

काढा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, पण 'सगळेच देतात' हे खरं होतं हो. विलायतेत गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूचं गोड औषध वाण्याकडे मिळायचं, आया स्वतः द्यायच्या. आणि मुंबईत बाळगोळी, तीही अफूचीच. माझी पणजी लालबागला गिरणीत वाइंडिंग खात्यात. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून बाळाच्या जिभेवर बोटाने लावायची आणि शेजारणीकडे टाकून जायची. आजी हे सांगताना कधी खाली मान घालायची नाही. म्हणायची, 'रडलं असतं तर शेजारीण ठेवून घेती का?' 1920च्या दशकात सरकारने गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, त्यातही ही गोळी आली. पणजीची दोन मुलं तान्हेपणी गेली. गोळीने की देवीने, कोणी विचारलं नाही.

मंदामावशी

मी डोंबिवलीत बावीस वर्षं पाळणाघर चालवते, म्हणून बोलते. काढा, तुमच्या लेकराला झोपेचं औषध पाजलं ते पापच. त्या बाईला माझ्यासमोर आणा, मी बोलते तिच्याशी. पण तुम्ही किती फी देत होतात तेही लिहा ना. आमच्याकडे नऊ तासांचे पैसे देताना लोक घासाघीस करतात, आणि तेच लोक शनिवारी मॉलमध्ये एका जेवणाला तेवढे मोजतात. सहा मुलं एका बाईवर होती म्हणता. दोन बाया ठेवायला तुमच्यातलं कोणी पैसे वाढवून देणार होतं का?

माझ्याकडे प्रत्येक मुलाची वही आहे. किती वाजता दूध, किती घास, शी कशी झाली, कुठे खरचटलं. ताप आला तर औषध देण्याआधी आईला फोन. बावीस वर्षांत एकदाही सरकारी माणूस दारात आला नाही. आला असता तर मी चहा पाजून वह्या दाखवल्या असत्या. मात्र बातमीत कुठे काही झालं की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आया अशा बघतात जणू मीच केलं.

कडवट_काढा

मावशी, फी कमी म्हणून औषध पाजायचं? हा कुठला न्याय? उद्या रिक्षावाला म्हणेल भाडं कमी, म्हणून ब्रेक दुरुस्त केले नाहीत. मी त्या बाई जे मागत होत्या ते देत होतो, एक रुपया कमी केला नाही. मागायला हवे होते जास्त.

मंदामावशी

मागितले की तुम्ही समोरच्या बिल्डिंगमधल्या स्वस्त बाईकडे जाता. बावीस वर्षं बघतेय. मला शिकवू नका.

निशिगंध

दोघंही भांडताय, पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं नावच नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चारदा मुलाला भेटायला जाऊ द्यायचं, असा नियम आहे. माझ्या आधीच्या कंपनीने (पुणे, हिंजवडी) 'सोय' केली होती नऊ किलोमीटरवर, वाकडच्या पुढे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चारदा! मी तीन महिने ब्रेस्ट पंप घेऊन बाथरूममध्ये बसले. पुरुष सहकारी विचारायचे, 'परत चहाला?' एचआरला लिहिलं तर उत्तर आलं की नियमाचं पालन झालेलं आहे. मला मंदामावशींसारखी कोणी मिळाली असती तर दुप्पट पैसे दिले असते.

सातपुडा

इंग्लंडचं एवढं पुराण कशाला? आपल्याकडे 1863 मध्येच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. पुढे पंढरपूरलाही असं गृह निघालं. साहेबाला पेपरात जाहिराती चालत होत्या तेव्हा आपण पुढे होतो.

रेवाकाठ

सातपुडा, 'आपण' पुढे नव्हतो, ते दोघं पुढे होते. ज्यांच्या घरातल्या विधवांसाठी ते गृह होतं, त्यातलेच लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. ते गृह निघालं ते काशीबाईमुळे. एका ब्राह्मण विधवेला दिवस गेले, ज्याच्यापासून गेले तो नामानिराळा, बाळ विहिरीत, आणि काळ्या पाण्याची शिक्षा एकटीला. चेल्टनहॅम काय आणि पुणे काय, कोर्टात उभी बाईच. फरक एवढाच की फुल्यांनी आईला फाशी द्या की सोडा हा वाद घातला नाही, दार उघडलं. मी सकाळपासून तेच सांगतेय.

वकीलबुवा

मूळ विषयावर थोडं. काढा म्हणतात तपासणी ढिली होती. बरोबर, पण का ढिली होती ते बघा. 1870 मध्ये ब्रिक्स्टनच्या मार्गारेट वॉटर्सला फाशी झाली. विधवा, शिलाई मशिनवर कॉलर शिवण्याचा उद्योग बुडालेला, कर्जबाजारी. त्या खटल्याच्या धक्क्याने 1872चा अर्भक संरक्षण कायदा आला. त्यात नोंदणी कोणाला? एक वर्षाखालची एकापेक्षा जास्त मुलं चोवीस तासांवर ठेवणाऱ्याला. एका वेळी एकच मूल घेतलं की कायदा लागूच नाही. ती पळवाट 1908 मध्ये बुजली. शिवाय मृत जन्मलेल्या बाळाची नोंदच तिथे 1927 पर्यंत होत नव्हती, त्यामुळे जगून मेलेलं मूलही 'मृतच जन्मलं' म्हणून पुरता येत होतं.

दुसरं, सिडनीचं मेकिन प्रकरण. हे जोडपंही पैसे घेऊन तान्ही मुलं सांभाळायला घ्यायचं. 1892 मध्ये भाड्याच्या घराच्या मागच्या आवारात नळाचं काम करताना बाळांचे अवशेष सापडले, मग जुन्या घरांच्या आवारांत आणखी. प्रश्न असा की खटला एका बाळाचा, तर बाकीच्यांबद्दलचा पुरावा चालेल का? 1893 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगितलं की आरोपी वाईट वळणाचा आहे एवढंच दाखवायला चालणार नाही, पण मृत्यू अपघाताने झाला हा बचाव खोडायला चालेल. हा निकाल आम्ही कॉलेजात घोकला, त्यात मुलं होती हे तेव्हा लक्षातही आलं नाही. आज रेवाताईंमुळे आलं.

कडवट_काढा

वकीलबुवा, म्हणजे माझाच मुद्दा. कायदा घट्ट हवा होता.

रेवाकाठ

घट्ट हवा होता, हो. पण कोणाभोवती घट्ट? 1872च्या विधेयकाला लिडिया बेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी विरोध केला होता. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका, खुन्यांच्या कैवारी नव्हेत. त्यांना भीती होती की सरळ मनाने शेजारणीचं मूल सांभाळणाऱ्या गरीब बाईच्या दारात सरकारी माणूस उभा राहील आणि बापाच्या दारात कोणीच नाही. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. नोंदणी असती तर एव्हेलिनाला निदान विचारता आलं असतं की मिसेस हार्डिंगचा दाखला कुठे आहे. तेवढं तुमचं मान्य. पण त्याच 1872 मध्ये बापाकडून मिळणारी कमाल रक्कम पाच शिलिंग झाली, आणि ती मिळवायला आईनेच कोर्टात उभं राहायचं. डोरिसचा बाप कोण, याचा शोध मी घेतला. खटल्याच्या वर्णनात आई आहे, डायर आहे, डायरची मुलगी-जावई आहेत, थेम्समधून पहिलं पुडकं काढणारा नावाडी आहे. बाप नाही.

मंदामावशी

रेवा, माझ्या वहीत 'न्यायला कोण येणार' असा रकाना आहे. आत्ता चाळली. अकरा मुलं. दहांपुढे आई नाहीतर आजी, एकापुढे बाबा, कारण त्याची आई दुबईला असते. मूल पडलं की फोन आईला, उशीर झाला की मीही आईलाच बोलते. ती बिचारी ट्रेनमध्ये लटकत असते.

कडवट_काढा

मावशी, फीबद्दल बोललात त्याचा राग आला होता, अजून आहे. औषधाच्या चमच्याला माफी नाही, यावरून मी हलणार नाही. पण तुमचं वाचून मुलीच्या आताच्या पाळणाघराचा फॉर्म काढून बघितला. अडीअडचणीला फोन करायचे तीन नंबर. पहिला बायकोचा, दुसरा सासूबाईंचा, तिसरा माझा. फॉर्म मीच भरला होता, अक्षर माझं आहे.

उद्या बदलून येतो. वकीलबुवा, घरगुती पाळणाघराची तक्रार नक्की कुठे करायची, तेवढं मात्र सांगा. त्या ठाण्याच्या घरात अजून मुलं जातात.

वकीलबुवा

बाटली आणि चमचा हे आता पुराव्याला उरलेलं नसणार, पण लेखी अर्ज द्या. आधी चाइल्डलाइनचा 1098, मग बाल कल्याण समिती. आणि त्या सहा मुलांपैकी आणखी दोन पालक सोबत आणा. मेकिनमध्ये इतर मुलांबद्दलचा पुरावाच निर्णायक ठरला होता.