मिस्सा आपल्या भाषेत आली, पण मौन कुठे गेलं?

मेणवात: परवा मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना, पूर्वी ती लॅटिनमध्ये असायची) संपल्यावर एका तरुण मुलाने विचारलं, "लॅटिन परत यायला हवी का?" मी नाही म्हणालो. प्रार्थना कळलीच पाहिजे. पण लॅटिनबरोबर जे बाकीचं गेलं, ते जायचं काही कारण नव्हतं. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या बिशपांच्या सभेचा) उपासनेवरचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्याने लोकभाषेला दार उघडलं. त्याच दस्तऐवजात लॅटिन जपा, ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला) मानाचं स्थान द्या, योग्य वेळी पवित्र मौन पाळा, असंही लिहिलंय. फादरांनी लोकांकडे तोंड करावं म्हणून वेदी फिरवण्याचा त्यात शब्दही नाही. आज ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेऊन माणूस जागेवर येऊन गुडघे टेकतो न टेकतो, तोच गिटार सुरू होतं. गिटार थांबलं की सूचना. देवाशी बोलायचं कधी?

पायरीवरची: वेदीचं अर्धंच सांगितलंत. १९६४ च्या अंमलबजावणीच्या सूचनेत वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे लोकांकडे तोंड करून मिस्सा करता येईल, असं आहे. आणि त्या जुन्या मौनाचं फार कौतुक नको. माझी आजी मिस्साभर रोझरीचे मणी ओढायची. फादर वेदीवरची मुख्य प्रार्थना हळू आवाजात म्हणायचे. घंटा वाजली की वर बघायचं, एवढंच तिला ठाऊक. पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत मिस्सा ऐकून घरी आली आणि म्हणाली, "एवढं सगळं म्हणत होते होय ते!" तिची पन्नास वर्षं त्या मौनाबाहेर उभं राहण्यात गेली. पूर्वी मिस्सेतल्या बायबल वाचनांचं चक्र एका वर्षाचं होतं, रविवारी जुना करार जवळपास कानावर पडतच नसे. १९६९ पासून ते तीन वर्षांचं झालं. मला यातलं काहीही परत द्यायचं नाही.

जुना वेदीसेवक: ताई, आजी बाहेर होती असं तुम्ही म्हणता. मी आठ वर्षांचा असताना पायरीशी गुडघे टेकून 'आद देउम क्वी लेतीफिकात युवेन्तूतेम मेआम' म्हणायचो. माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे! अर्थ फादरांनी एकदाच सांगितला होता, तो आज पंचाहत्तरीत पुरतोय. नव्या विधीतून ती पायरीवरची प्रार्थनाच काढली. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुनी लॅटिन मिस्सा मोकळी केली, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा बंधनं घातली. चौदा वर्षांत आम्ही असं काय केलं? याचं मला खरंच दुःख आहे.

पायरीवरची: काका, दुःख समजतं. पण जुन्या मिस्सेच्या आडून काही जण परिषदच नाकारू लागले, एकोप्याला तडा जाऊ लागला, हे कारण पोप फ्रान्सिस यांनी पत्रात स्पष्ट दिलंय. तुमच्यासारखे भाविक त्यात भरडले गेले, हे मान्य. आणि लॅटिन तरी मूळची कुठे? रोममध्ये आधी उपासना ग्रीकमध्ये चालायची. लोकांना कळावं म्हणूनच तर लॅटिन आली होती.

शब्दवेडा: मला वेगळाच त्रास आहे. भाषा आपली झाली, पण ती स्थिर राहू देत नाहीत. इंग्रजीत "प्रभू तुम्हांबरोबर असो" याला चाळीस वर्षं "तुमच्याबरोबरही" असं उत्तर होतं, २०११ च्या आगमनकाळापासून (नाताळापूर्वीच्या आठवड्यांपासून) "तुमच्या आत्म्याबरोबरही" झालं. वेदीवरच्या प्रार्थनेत ख्रिस्ताचं रक्त "सर्वांसाठी" सांडलं, त्याचं "पुष्कळांसाठी" झालं. लॅटिनमध्ये 'प्रो मुल्तिस' आहे, म्हणजे भाषांतर अचूक झालं, हे मी नाकारत नाही. इटालियनमध्ये तर २०२० मध्ये प्रभूची प्रार्थनाच बदलली, "मोहात नेऊ नकोस" ऐवजी "मोहात सोडून देऊ नकोस". अंत्यविधीला जुनं उत्तर देणारा माणूस आजूबाजूचे आवाज ऐकून मध्येच गप्प होतो. आईच्या शवपेटीपुढे त्याला परकं वाटतं.

मेणवात: हे वाचून थांबलो. ताई, तुमच्या आजीचं वाक्य मला खोडता येत नाही. पण माझी मागणी साधी आहे: ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटं कुणी काही वाजवू नये, बोलू नये. आजच्या मिस्साग्रंथातही तिथे मौनाला जागा आहे. कुणाची परवानगी काढायला नको.

पायरीवरची: दोन मिनिटं मान्य. वेदीवरची प्रार्थना मात्र मोठ्यानेच.