मदत हवी आहे: सामान्यरूप शिकणारा ट्रान्सड्यूसर 'शरीर'पाशी अडतोय

मंडळी, दोन आठवडे डोकं खाजवतोय. जाणकारांनी वाट दाखवावी.

एक छोटा ट्रान्सड्यूसर, म्हणजे एक शब्द वाचून दुसरा लिहिणारा प्रोग्राम, लिहिलाय. त्याला नाम द्यायचं आणि त्याने 'ला' लागलेलं रूप परत द्यायचं. नियम हाताने लिहायचे नाहीत, जोड्या पाहून त्यानेच शिकायचं. अल्गोरिदम ऑस्टिया, म्हणजे ओन्सिना, गार्सिया, विदाल यांचा १९९३ चा. तो आधी सगळ्या जोड्यांचं झाड बांधतो, आउटपुट जमेल तितकं मुळाकडे सरकवतो आणि मग विरोध येत नाही तोवर स्टेट (यंत्राच्या अवस्था, म्हणजे झाडाच्या गाठी) एकमेकांत मिसळत जातो.

कापूस-कापसाला, लाकूड-लाकडाला शिकला. वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला हेही जमलं. पहिलं अक्षर दीर्घ असेल तर ऊ गळतो, नाहीतर फक्त ह्रस्व होतो, हे त्याने आपलं आपण हेरलं. त्या दिवशी स्वारी खूश होती! मग यादीत नसलेला 'शरीर' दिला, तर 'शरिराला'. 'समूह'चं 'समुहाला'. हवं होतं 'शरीराला', 'समूहाला'. (हसू नका, ही चूक माणसंही रोज करतात.) हे दोन शब्द यादीत घातले की तेवढे सुधारतात, पण स्टेट वाढतात आणि 'हकीम'सारखे कधी न पाहिलेले शब्द बिघडतात.

गोल्डने १९७८ मध्ये दाखवलं की दिलेल्या उदाहरणांशी जुळणारं सर्वांत लहान ऑटोमेटन (असंच स्टेटचं यंत्र) शोधणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी झटपट रीत कुणालाच माहीत नाही अशा प्रश्नांपैकी. मी त्याच भिंतीवर आदळतोय का? पण ऑस्टिया तर पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे उदाहरणं वाढली तरी आवाक्यातल्या वेळात, संपतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

प्रतिसाद १

दोन्ही खरं आहे, कारण वचनं वेगळी आहेत. गोल्डचा निकाल कुठल्याही, वाटेल तशा उदाहरणांसाठी आहे, आणि तिथे सर्वांत लहानच यंत्र हवं असतं. (१९९३ मध्ये पिट आणि वॉर्मुथ यांनी तर 'जवळपास लहान' शोधणंही तितकंच अवघड असल्याचं दाखवलं.) ऑस्टिया एवढंच म्हणतो: मूळ फंक्शन सबसिक्वेन्शियल असेल (म्हणजे शब्द एकेक चिन्हाने वाचत, मर्यादित स्टेटमध्ये त्याचं आउटपुट देता येत असेल), प्रत्येक इनपुटला उत्तर देत असेल आणि उदाहरणांत पुरेसा 'लक्षणदर्शी' संच, म्हणजे ते फंक्शन ओळखायला लागणाऱ्या सगळ्या जोड्या, आला असेल, तर मी ते बरोबर शोधीन. संच अपुरा असला तरी तो वेळेत संपतो, फक्त चुकीचं काहीतरी घेऊन संपतो.

तुमची भिंत वेळेची नाहीच. 'शरीर' तत्सम आहे म्हणून त्यातला ई दीर्घच राहतो, 'वकील' तत्सम नाही, आणि ही गोष्ट अक्षरांत कुठेही लिहिलेली नाही. जे स्ट्रिंगमध्ये नाही ते स्ट्रिंग पाहून कोण शिकणार? 'शरीर' पाठ केला की त्याच्यामुळे स्टेट मिसळायच्या थांबतात, म्हणून 'हकीम'ही बिघडतो. इनपुटच्या सुरुवातीला तत्सम असल्याची एक खूण जोडा.

आणखी एक: तुम्ही युनिकोड जसाच्या तसा देताय का? 'पाऊस'मधला ऊ आणि 'कापूस'मधली ऊकाराची मात्रा त्याच्या दृष्टीने दोन अनोळखी चिन्हं आहेत. आधी सगळं उच्चारात मोडून घ्या, न लिहिलेल्या 'अ'सकट.

प्रतिसाद २

शब्द उलटा करूनही पाहा. सुलट वाचताना 'फू' आल्यावर पुढे 'फूल' आहे की आणखी लांब शब्द, हे कळेपर्यंत आउटपुट हातात धरून ठेवावं लागतं. उलट वाचलं की शेवट आधीच दिसतो. अर्थात मग 'कापूस'मध्ये पहिलं अक्षर दीर्घ आहे की नाही, यासाठी थांबावं लागेल. फुकट काहीच नाही.

धागाकर्ता

खूण जोडली. 'शरीराला', 'हकिमाला' दोन्ही बरोबर! उच्चारात मोडल्यावर 'पाऊस'ही मार्गी लागला, 'पावसाला' आलं. आता स्त्रीलिंगी सुरू केलंय: 'सून'चं 'सुनेला', पण 'जमीन'चं 'जमिनीला'. यासाठीही खूणच लावायची, की इथे शब्दातून काही हाती लागतं?