टोपी, बूट आणि अडलेली कालवड : काऊबॉय प्रेमकथा वाचतानाचे अनुभव

खिडकीची_जागा : अंबरनाथ ते सीएसएमटी, खिडकी मिळाली तर जाऊन-येऊन एक काऊबॉय प्रेमकथा संपते. शंभरेक पानांच्या, आजच्या काळातल्या, इंग्रजी. मोन्टाना नाहीतर टेक्सास, वारलेल्या आजोबांचं रँच (गुरं पाळायचं मोठं शेत), बँकेचं कर्ज, शहरातून आलेली नात आणि कमी बोलणारा, हॅट न काढणारा तो. तिसऱ्या पानावर शेवट कळतो, तरी वाचते. का, ते नीट सांगता येत नाही, म्हणून हा धागा. काय आवडतं, काय डोक्यात जातं? पुस्तकांची नावं नकोत, अनुभव लिहा. लाजू नका, इथे सगळे कव्हर झाकून वाचणारेच आहेत.

गोठ्यातला_डॉक्टर : मी पशुवैद्य, कोल्हापूर जिल्हा. पुस्तकं बायकोची, वाचतो मी. यात एक प्रसंग ठरलेला असतो. बाहेर बर्फ, पहिलारू कालवड अडलेली, दोघं मिळून वासरू ओढून काढतात आणि एकमेकांकडे बघत राहतात. अहो, बघायला वेळ कुठे असतो! परवाच्या कथेत वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं मागे वळलेलं, आणि हा गडी सरळ साखळी लावून ओढायला लागला. आधी वासरू आत ढकलायचं, हात घालून डोकं सरळ करायचं, मग गाय कळ देईल तसं ओढायचं. हात खांद्यापर्यंत आत. नंतर दोन आंघोळी केल्या तरी वास जात नाही. नायिकेला मात्र त्याच्या शर्टाला चामड्याचा आणि देवदाराचा वास आला. पुस्तक मिटलं. पण पुढच्याच पानावर तो वासराच्या नाकात गवताची काडी फिरवतो, श्वास सुरू व्हावा म्हणून. हे मीही करतो. परत उघडलं.

सुगरण_नाही : डॉक्टर, आणि खरवसाचं काय?

गोठ्यातला_डॉक्टर : मांसासाठी पाळलेली गुरं ती. धार काढतच नाहीत, चीक सगळा वासराला.

ह्यूस्टनची_सून : आमच्याकडे दर मार्चमध्ये रोडिओ असतो, म्हणजे काऊबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धा. कथेतला नायक हमखास रोडिओत हाडं मोडून घरी परतलेला. बैलावर आठ सेकंद टिकायचं, एकच हात दोराला, दुसरा बैलाला लागला की बाद. वाचताना आठ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटायचं. मग तिथेच पाच-सहा वर्षांच्या पोरांना हेल्मेट घालून मेंढीवर बसवतात ते पाहिलं. आमच्या चिरंजीवांनी हट्ट केला. दुसऱ्या सेकंदाला मातीत! तोंडातली माती थुंकत "परत" म्हणाला. सासूबाई शेजारी बसून रामरक्षा म्हणत होत्या. तेव्हापासून नायकाचं लंगडणं मी मन लावून वाचते. बाकी प्रत्यक्षातले काऊबॉय भेटले तर गवताच्या भावावरच बोलतात.

तिरकस : मला कव्हरांचा राग येतो. रोडिओ, रँच, लॅरिएट (फासाचा दोर) हे सगळे शब्द मूळचे स्पॅनिश, धंदा मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून, शिकलेला, जुन्या काऊबॉयांत काळे लोक भरपूर. कव्हरवर मात्र बहुतेक वेळा तोच गोरा, बटणं नसलेला. आणि जीन्ससारख्या ज्या जाड कापडाला इंग्रज डंगरी म्हणायचे, तो शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीचा. याचं श्रेय कुणी देत नाही (मलाच हवंय असं नाही).

अर्धवट_भाषांतर : हौसेने एक कथा मराठीत करायला घेतली. पहिल्याच ओळीत अडले. काऊबॉय म्हणजे काय लिहू? गुराखी? "दारात गुराखी उभा होता, तिचा श्वास अडकला." आई म्हणाली, भाकरी मागायला आलाय का? मी म्हटलं, अगं, कृष्णही गुराखीच. तर म्हणे, त्याला कुणी गुराखी म्हणत नाही, गोपाळ म्हणतात. शेवटी काऊबॉयच ठेवलं. तेराव्या पानावर सोडून दिलं.

सांगलीकरीण : आमच्या ह्यांच्याकडे चार म्हशी, एक बुलेट, बोलणंही कमीच. फक्त कव्हरवर कुणी घेत नाही.

कोरडवाहू : मी सहसा हसण्यावारी नेते, पण एका कथेत दुष्काळामुळे नायिका कळप विकते. ट्रक येतो, रॅम्प लावतात, ती कुंपणापाशी उभी राहून मोजत राहते. मला पुढे वाचवेना. 2013 चा उन्हाळा, उस्मानाबाद जिल्हा. आमच्या वडलांनी छावणीत दोन महिने काढले, मग बैलजोडी विकली. कथेत नायक शेजारचं कुरण देतो, पाऊसही पडतो, सगळं शेवटच्या दहा पानांत. चिडायला हवं होतं. पण ती दहा पानं मी दोनदा वाचली.

गोठ्यातला_डॉक्टर : ताई, बैलांची नावं काय होती?

कोरडवाहू : मोऱ्या आणि पाखऱ्या. पाखऱ्या मुकाट चढला. मोऱ्या फळीपाशीच अडला, तेव्हा व्यापाऱ्याने कासरा वडलांच्याच हातात दिला.