मदत हवी आहे: व्हेपची ०.१५ ओहमची कॉइल माझ्या बॅटरीला झेपेल का?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात लेस्टरला राहतो. सिगारेट सुटावी म्हणून महिन्यापूर्वी व्हेप (ई-सिगारेट) घेतलं, आणि खरंच सुटतेय. बॅटरी एकच, सॅमसंग २५आर, सतत २० अँपिअर देणारी. आधीची कॉइल (द्रव तापवणारी तार) ०.५ ओहमची: ४.२ व्होल्ट भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर. निर्धास्त होतो. आता दुकानदाराने ०.१५ची दिलीय. त्याच हिशेबाने २८ अँपिअर येतात, बघून धस्स झालं. पण माझा मॉड (व्हेपचा बॅटरीवाला भाग) रेग्युलेटेड आहे, म्हणजे किती वॅट द्यायचे ते आतली चिप सांभाळते. मग ओहम धरायचे की वॅट? ६० वॅट भागिले बॅटरी उतरल्यावरचे ३.२ व्होल्ट, म्हणजे जवळपास १९ अँपिअर, तेही काठावरच. ४० वॅटवर चालवू की कॉइल परत करू? घरात लहान मूल आहे, अंदाजपंचे काही करायचं नाही.