पॅराशूट चौपट मोठं केलं, तरी वेळ दुप्पटसुद्धा का होत नाही?

चिमणीचे_बाबा:
मुलगी सातवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पॅराशूट घेतलंय, कापड मोठं केलं तर किती सावकाश पडतं एवढंच दाखवायचंय. कचऱ्याच्या काळ्या पिशवीचे दोन चौकोन कापले, एक ३० बाय ३० सेंटिमीटर, दुसरा ६० बाय ६०, चारही कोपऱ्यांना दोरे आणि खाली २० ग्रॅमचे वॉशर, दोन्हीला सेम. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडतो, सुतळी लोंबकळवून मोजलं तर ६ मीटर भरलं. लहानाला साधारण अडीच सेकंद लागतात आणि मोठ्याला ४. आता क्षेत्रफळ चौपट झालं ना, मग १० सेकंद नको का? दहा-दहा वेळा टाकून झालं, बायको म्हणते तुम्हाला स्टॉपवॉचच दाबता येत नाही.

पाढे_पंचावन्न:
स्टॉपवॉच ठीक आहे, वहिनींना सांगा 😀 गोची वर्गमुळाची आहे. हवेचा वर ढकलणारा जोर क्षेत्रफळ दुप्पट केलं की दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला की चौपट होतो. गणपतीत मखराचा मोठा पुठ्ठा स्कूटरवर मागे बसून धरलाय का कधी? २० च्या स्पीडला काही वाटत नाही आणि ४० ला गेलं की पुठ्ठा हातातून सुटतोय की आपण पुठ्ठ्यासकट सुटतोय असं होतं, ते याच्यामुळेच. पॅराशूट उघडून थोडं खाली आलं की हवेचा जोर आणि एकूण वजन बरोबरीत येतं आणि तिथून पुढे वेग वाढत नाही. कापड चौपट असेल तर तेवढाच जोर निम्म्या वेगाला मिळतो. म्हणजे १० विसरा, ५ सेकंद यायला हवे होते. तुमचे ४ का आले हा खरा प्रश्न. पिशवीचं वजन केलंत का?

चिमणीचे_बाबा:
पिशवीचं कशाला वजन करायचं म्हटलं, पण आत्ता किचनमधल्या काट्यावर ठेवलं, लहान तुकडा ४ ग्रॅम आणि मोठा चक्क १७. दोरे धरले नाहीत.

पाढे_पंचावन्न:
सापडला चोर. लहान पॅराशूटचं सगळं मिळून २४ ग्रॅम, मोठ्याचं ३७. क्षेत्रफळ ४ पट वाढलं पण वजनही दीडपटीच्या थोडं वर गेलं, ४ भागिले १.५४ म्हणजे २.६, त्याचं वर्गमूळ १.६. अडीच सेकंद गुणिले १.६, आले ४! तुमचं रीडिंग इतकं बरोबर आहे की मलाच शंका येतेय 😀 लहानाला १३ ग्रॅम जास्तीचे लावा, दोन्हीचं एकूण वजन सारखं करा आणि मग टाका.

उगाच_शंका:
मग प्लास्टिक एकदम पातळ घेऊन ढिगानं मोठं का नाही करायचं? खऱ्या पॅराशूटवालेसुद्धा का नाही करत?

गॅलरीतला_शास्त्रज्ञ:
करता येतं, पण सावकाश पडणारं पॅराशूट तितका जास्त वेळ वाऱ्याच्या तावडीत असतं, मग कुठे जाऊन पडेल ते तुमच्या हातात नाही. आणि उघडताना मोठ्या कापडाचा हिसका जबरदस्त बसतो. इस्रोने नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबिनाला गगनयानच्या पॅराशूटची टेस्ट घेतली, ५ टनांचं डमी वजन विमानातून अडीच किलोमीटरवरून सोडलं, त्यात मुख्य पॅराशूट आधी मुद्दाम दोरीने आवळून अर्धवटच उघडू दिलं होतं आणि ७ सेकंदांनी ती दोरी कापून पूर्ण फुलू दिलं. सगळी करामत हिसका कमी करायला. आणि तीनपैकी एक मुख्य पॅराशूट उघडलंच नाही तर काय, हे बघायची ती टेस्ट होती.

आता वरचंच गणित लावा, तीनाची दोन राहिली तर वेग दीडपट नाही होत, दीडचं वर्गमूळ म्हणजे १.२२ पट होतो. चंद्रावरून परतताना अपोलो १५ यानाचं १९७१ मध्ये खरंच तीनपैकी एक पॅराशूट मिटलं होतं, तेव्हा ताशी साधारण ३१ किलोमीटरऐवजी ३५ ने पाण्यावर आदळले, म्हणजे १.२२ पटीहूनही कमीच, तिघेही अंतराळवीर सुखरूप. वर्गमुळाने वाचवलं म्हणा.

बाबा, तुमचं पॅराशूट झोके खात असेल तर मधोमध रुपयाएवढं भोक पाडा. हवा कडेने कधी इकडून कधी तिकडून निसटते म्हणून ते हलतं, भोकातून सरळ वर जायला लागली की शांत होतं. दोरे चौकोनाच्या बाजूएवढे तरी लांब ठेवा, आखूड असले तर कापड नीट पसरत नाही.

चिमणीचे_बाबा:
अपडेट. लहानाला १३ ग्रॅम जास्त लावले. लहान २.१ सेकंद, मोठं ४. म्हणजे जवळपास दुप्पट! भोक पाडल्यावर मोठं अगदी सरळ उतरलं, त्यानंतरच्या थ्रोला वारा आला आणि ते खालच्या काकूंच्या एसीच्या युनिटवर जाऊन बसलं, काकू गावाला गेल्यात, गुरुवारी येणार आणि प्रदर्शन बुधवारी आहे. दुसरी पिशवी कापायला घेतोय.