चर्चा : मॅक्रोतील एरर दाबून टाकावी की मॅक्रोला थांबू द्यावे?

खतावणी (धागालेखक) : एक्सेलच्या मॅक्रोत (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ असे लिहिले, की रन-टाइम एरर (मॅक्रो चालू असताना येणारी चूक) आली तरी व्हीबीए, म्हणजे मॅक्रोची भाषा, ती ओळ सोडून मुकाट्याने पुढे जातो. ही ओळ मॅक्रोच्या सुरुवातीलाच टाकून मोकळे होण्याची सवय फार पसरली आहे. माझ्या मते ती पूर्णपणे वर्ज्य करावी. एका पतसंस्थेच्या लाभांश यादीत तिचा परिणाम मी पाहिला आहे. मॅक्रो प्रत्येक सभासद क्रमांकाची रक्कम ‘वर्कशीटफंक्शन.व्हीलुकअप’ने (तक्त्यातून मूल्य शोधून आणणाऱ्या फंक्शनने) शोधत होता. क्रमांक मूळ शीटमध्ये नसेल तर 1004 क्रमांकाची एरर यायला हवी होती. ती दाबली गेल्यामुळे व्हेरिएबलमध्ये (मूल्य तात्पुरते साठवण्याच्या जागेत) आधीच्या सभासदाची रक्कम तशीच राहिली आणि पुढच्याच्या नावासमोर छापली गेली. मॅक्रो तेथेच अडला असता, तर ‘डीबग’ दाबल्यावर पिवळी झालेली ओळ आणि इमिजिएट विंडोत (अडलेल्या मॅक्रोतील मूल्ये पाहण्याच्या चौकटीत) पाहिलेला सभासद क्रमांक, एवढ्यावर दोष सापडला असता.

टेबल क्रमांक तीन : असहमत. आपण मॅक्रो लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून बोलत आहात. तो चालवणारा लिपिक ‘डीबग’ नव्हे, ‘एंड’ दाबतो. वेग वाढावा म्हणून मॅक्रोने आरंभी कॅल्क्युलेशन ‘मॅन्युअल’ केलेले असेल (म्हणजे सूत्रे आपोआप मोजली जाणार नाहीत) आणि इव्हेंट्स (शीटमधील बदलावर आपोआप चालणारा कोड) बंद केलेले असतील, तर मध्येच थांबल्यावर ते आपोआप पूर्ववत होत नाहीत. त्यानंतर तो दिवसभर आकडे भरतो आणि बेरजा मात्र सकाळच्याच राहतात. थांबलेला मॅक्रोही चुकीचे आकडे दाखवू शकतो, हे आपल्या मांडणीत आलेले नाही.

खतावणी : मुद्दा खरा आहे, परंतु तो ‘ऑन एरर गोटू’च्या (एरर आल्यास ठरवलेल्या ओळीवर नेणाऱ्या आज्ञेच्या) बाजूचा आहे, ‘रिझ्यूम नेक्स्ट’च्या नव्हे. एरर आल्यावर ठरलेल्या जागी जावे, सेटिंग्ज पूर्ववत करावीत आणि एररचा क्रमांक व सभासद क्रमांक दाखवून थांबावे.

उभी बेरीज : सरसकट बंदी मलाही पटत नाही. ‘मार्च’ नावाची शीट आहे की नाही हे पाहायचे असेल, तर सर्व शीटांची नावे लूपमध्ये तपासण्यापेक्षा एका ओळीपुरते ‘रिझ्यूम नेक्स्ट’ लावून, लगेच ‘ऑन एरर गोटू झीरो’ने ते उठवून, शीट ठेवायचे व्हेरिएबल ‘नथिंग’ (रिकामे) आहे का हे पाहणे सोपे आहे. नाहीतर तेथे 9 क्रमांकाची एरर ठरलेलीच. धोका ही सवलत लांबवण्यात आहे, आणि तो धागालेखकांनी सांगितला त्याहून मोठा आहे. ‘इफ’च्या अटीत एरर आली, तर व्हीबीए अट खोटी मानत नाही, तो पुढच्या ओळीवर, म्हणजे थेट ‘इफ’च्या आत शिरतो. सेलमध्ये व्हीलुकअपने आलेले ‘एनए’ (मूल्य सापडले नाही, अशी खूण) असेल आणि अट ‘थकबाकी शून्यापेक्षा जास्त’ अशी असेल, तर तुलनेतच 13 क्रमांकाची एरर येते आणि त्या खातेदाराला नोटीस निघते!

जुने दप्तर : मुळात यांतील पुष्कळशा एरर उद्भवूच नयेत अशी सोय आहे. ‘ॲप्लिकेशन.व्हीलुकअप’ वापरल्यास मॅक्रो अडत नाही, एरर मूल्य म्हणून हाती येते आणि ‘इझएरर’ने तपासता येते. ओळींचा क्रमांक ‘इंटिजर’मध्ये (लहान पूर्णांकांच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवणे तर आता थांबावे : त्याची मर्यादा 32,767 आणि एक्सेल 2007 पासून शीटमध्ये ओळी 10,48,576. तेथे ‘लाँग’ (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) लिहिले की 6 क्रमांकाच्या ओव्हरफ्लोचा, म्हणजे मर्यादा ओलांडल्याच्या एररचा, प्रश्न मिटतो.

टेबल क्रमांक तीन : ही सोय नव्या मॅक्रोंसाठी झाली. आमच्याकडील फाइली पासवर्डने बंद आहेत आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला आहे. अशा फाइलीत ‘डीबग’चे बटण दाबताच येत नाही, त्यामुळे पिवळी ओळ कोणालाच दिसणार नाही.

खतावणी : म्हणूनच मॅक्रोने थांबताना दाखवायचा तो संदेश मराठीत, नेमका आणि एररच्या क्रमांकासह हवा. ज्या फाइलीचा पासवर्ड कार्यालयाकडे नाही, तिच्यावर लाभांश वाटू नये, एवढेच मी म्हणेन.