मधुमेह टाळायला ‘चाला’ म्हणतात, पण रिंगरोडच्या पलीकडे चालायचं कुठे?

रिंगरोडकर (धागा सुरू करणारे)

साखर बॉर्डरला आली की डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात: रोज अर्धा तास भरभर चाला. सल्ला बरोबरच आहे. माझा मुद्दा चालायच्या जागेचा आहे. कोल्हापुरात ताराबाई पार्कात किंवा नागाळा पार्कात राहणाऱ्याला हा सल्ला दुसऱ्या दिवसापासून पाळता येतो. आमच्याकडे तसं नाही.

बायकोची उपाशीपोटीची साखर ११८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. मधुमेह अजून नाही, पण उंबऱ्यावर आहे. पहाटे बाहेर पडायची तिची पूर्ण तयारी आहे. कॉलनीतून मुख्य रस्त्याला लागलं की फूटपाथ नाही. डांबर संपतं तिथे खडी आणि खडी संपते तिथे गटर. ऊस सुरू झाला की पहाटेपासून डबल ट्रॉल्या धावतात. मागच्या ट्रॉलीतला ऊस दीड हात बाहेर आलेला असतो, तो चुकवायला खडीवर उतरावं लागतं आणि तिथे कुत्री बसलेली असतात. पाच खांबांवर दोन दिवे लागतात. लेआऊटमध्ये ओपन स्पेस आहे. त्यावर वाळू, सळ्या आणि एक बंद पडलेला टेम्पो आहे. रंकाळा तलावावर फिरायला जायचं तर गाडी काढावी लागते आणि डबा, शाळा सांभाळून तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.

अमेरिकेत १९९४ ते १९९८ च्या दरम्यान पाच शहरांतल्या गरीब सरकारी वसाहतींमधल्या कुटुंबांत चिठ्ठ्या टाकल्या आणि काहींना कमी गरिबीच्या भागात घर घ्यायला भाड्याची मदत दिली. दहा-पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या बायकांचं रक्त तपासलं. ज्यांना मदत मिळाली होती त्यांच्यात मधुमेह आणि अतिलठ्ठपणा दोन्ही कमी निघाले. २०११ साली हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. माणसाचा पत्ता त्याच्या रक्तापर्यंत पोचतो, एवढं तरी यातून मानावं लागेल. म्हणून फूटपाथ, दिवे आणि ओपन स्पेस हा आरोग्याचा खर्च धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पेठेतला

भावा, वहिनींची काळजी वाटती ती बरोबर हाय. पण मूळ मुद्दा मला पटला न्हाई. आमच्या शिवाजी पेठेत बोळ असलं की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकाला मागं घ्यावी लागती. बाग न्हाई, ट्रॅक न्हाई. तरी आमची आजी थकेपर्यंत भाजीला, देवळाला, दळणाला पायीच गेली. आणि आज रंकाळा उशाला असून आमच्या गल्लीतली किती माणसं तिथं चालत्यात? जात्यात ती भेळ खायला. जी खरंच चालत्यात ती येताना मिसळीला थांबत्यात, कट दोनदा मागवत्यात, वर पाव जादा.

जोर-बैठका मारायला सहा फूट जागा पुरती. ती प्रत्येकाच्या घरात हाय. जागा न्हाई म्हणणं ही सबब होती, आणि सबब सापडली की माणूस उठत न्हाई.

आकडेमोड

रिंगरोडकर, अमेरिकेचा अभ्यास तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्यावरून फूटपाथपर्यंत उडी मारता येत नाही. घर बदललं की शेजार बदलतो, भीती कमी होते, दुकानं बदलतात, झोप सुधारते. त्यातला चालण्याचा वाटा किती, हे त्या अभ्यासातून कळत नाही. तो लिहिणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही.

आपल्या देशाचं बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेह सर्वेक्षणाचे २०२३ साली आलेले आकडे: मधुमेह शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. खेड्यात कुठे जॉगिंग ट्रॅक आहेत? दिवे तर तुमच्या कॉलनीपेक्षाही कमी असतील.

दुसरं, चेन्नईत साखर बॉर्डरला असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, २००६ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज अर्धा तास चाला आणि खाणं सांभाळा एवढंच सांगून पाठपुरावा केला. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. त्यांच्यासाठी कोणी नवीन बाग बांधली नव्हती.

आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम विसरू नका. आपली बाळं वजनाने कमी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त घेऊन जन्मतात. म्हणजे धोक्याची सुरुवात आईच्या पोटात, तिच्या खाण्यापिण्यातून होते. पैसा मर्यादित असेल तर तो आधी गरोदर बायकांवर आणि पोरींच्या खाण्यावर खर्च करा. फूटपाथ नंतर.

कळंब्याची लेक

पेठेतले दादा, तुमच्या आजींचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्या पायी गेल्या कारण भाजी, देऊळ, गिरणी सगळं पायाखाली होतं. कॅनडात दक्षिण ऑन्टारिओमध्ये २००१ ते २०१२ या काळातल्या हजारो वस्त्या तपासल्या होत्या. कोणती वस्ती ‘चालण्याजोगी’ हे त्यांनी बागा मोजून ठरवलं नाही. दाट घरं, जवळ दुकानं-शाळा, एकमेकांना मिळणारे रस्ते हे बघितलं. सगळ्यात चालण्याजोग्या वस्त्यांत नव्याने मधुमेह होणारे कमी होते, आणि त्या काळात ते आणखी कमी झाले. फावल्या वेळात मुद्दाम केलेला व्यायाम आणि खाणंपिणं मात्र सगळीकडे जवळपास सारखंच. तिथली माणसं जास्त निग्रही नव्हती. त्यांचं रोजचं कामच पायी होत होतं.

तुमची पेठ अगदी तशी आहे. आमच्याकडे कोथिंबिरीच्या जुडीलाही स्कूटी काढावी लागते.

पेठेतला

ताई, मग आमच्या पेठेत आज घरटी शुगरची गोळी का चालू हाय? बोळ तेच, मंडई तीच. आजी चालली, नातू बुलेटवर जातोय. वस्ती बदलली न्हाई, माणूस बदलला.

आकडेमोड

ऑन्टारिओबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ज्याला चालायची आवड आहे तोच चालण्याजोग्या वस्तीत घर घेतो, हा पेच तिथे सुटलेला नाही. तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या.

रिंगरोडकर

म्हणूनच स्वीडनचा अभ्यास महत्त्वाचा. १९८७ ते १९९१ मध्ये आलेल्या निर्वासितांना कुठे राहायचं हे तिथलं सरकार ठरवत होतं. ज्यांच्या वाट्याला जास्त वंचित वस्ती आली, त्यांच्यात पुढच्या काळात मधुमेह जास्त निघाला. २०१६ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेहाच्या नियतकालिकात ते आलं. इथे आवडीचा प्रश्न येत नाही.

खेड्याचं म्हणाल तर तिथे ट्रॅक लागतच नाही. वैरण आणायची, धारा काढायच्या, रानात जाऊन यायचं. राधानगरी-भुदरगडचा माणूस शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागतो, कॉलनीत दोन खोल्या घेतो, की अंगातलं ते काम एका महिन्यात सुटतं. जेवण मात्र रानातल्या माणसाचंच राहतं. त्या कष्टाच्या जागी शहराने त्याला काय दिलं? शिफ्ट सुटल्यावर पाय मोकळे करायला रस्तासुद्धा नाही.

चेन्नईत लोकांना नुसतं सांगून सोडलं नव्हतं. दर महिन्याला फोन, सहा महिन्यांनी समोर बसवून बोलणं, असं चाललं होतं. आपल्या ओपीडीत एका माणसाला किती मिनिटं मिळतात ते तुम्हाला माहीत आहे.

बावड्याची आरोग्यसेविका

मी वस्त्यांमध्ये तिशीच्या पुढच्या लोकांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायचे सरकारी फॉर्म, बघते. आशाताई घरोघरी जाऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कोणाला साखर आहे का, असे प्रश्न असतात. त्यात एक असतो: आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का? बहुतेक बायका ‘घरकाम करतो की’ म्हणतात. त्यांचा घेर घेताना टेप ८० सेंटीमीटरच्या पुढे जातो, कित्येकींचा ९० च्या पुढे. आपल्या बायकांसाठी ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं.

घरकामाने कष्ट होतात यात शंका नाही. पण ओट्यापाशी उभं राहून मांडीचे मोठे स्नायू सलग काम करत नाहीत. भरभर चालताना ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी उपयोग होतो. हे मी रोज सांगते. ‘सिस्टर, रात्री नवाला आमच्या बोळातनं चालून दाखवा,’ असं मला एका बाईने तोंडावर सांगितलं. तिच्या घरासमोर नऊनंतर टोळकी बसतात. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

पेठेतले दादा, सबब म्हणताना या बाईचा विचार करा.

पेठेतला

सिस्टर, त्या बाईला मी सबब म्हणणार न्हाई. टोळकं उठवायचं काम तर पोलिसांचं हाय, आणि गल्लीतल्या जाणत्यांचंबी. मी बोलतोय धडधाकट माणसांबद्दल, ज्यांच्या दारात मोटारसायकल हाय आणि बाजूला तालीम हाय.

आणि तालमीचं ऐका. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, म्हणून कोल्हापुरात तालमी उभ्या राहिल्या. पर तांबडी माती राखली, तेल-ताक घालून मळली, दिवाबत्ती केली ती गल्लीनंच. तुमच्या ओपन स्पेसवरची वाळू कुणाची? कॉलनीतल्याच कुणाच्या तरी बांधकामाची. रविवारी धा जण जमा, उचला.

आणि जागेवरच सगळं असतं तर जुनं पैलवान बघा. तालीम तीच, माती तीच. मेहनत सुटली, खुराक चालू राहिला, की शुगर धरती. जागा असून काय उपयोग?

कळंब्याची लेक

दादा, तालीम ही वस्तीची सोयच होती हो! प्रत्येक पेठेत, घरापासून हाकेच्या अंतरावर, फुकट, आणि सोबत दहा पोरं, म्हणून जायची सवय लागायची. तुम्ही ज्याला माणसाची जिद्द म्हणता तिला जागा कोणीतरी आधी करून दिली होती. फक्त ती पोरांना दिली, पोरींना नाही. आता मुली कुस्तीत येतायत ही मोठी गोष्ट आहे, पण चाळिशीची बाई तालमीत कुठे जाणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के. आमच्यात आळस पंधरा टक्के जास्त भरलाय का?

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सकाळी जाऊन बघा. झाडं, गाड्या कमी, माणसांची वर्दळ. तिथे साठीच्या बायका निर्धास्त चालतात. त्याच बायका आमच्या रस्त्यावर राहायला असत्या तर घरात बसल्या असत्या.

रिंगरोडकर

वाळू उचलायला मी पहिला येईन. पण आमच्या मागच्या गुंठेवारीत उचलायलाही काही नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटला १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. गुंठा-गुंठा तुकडे करून विकलेल्या रानात लेआऊटच नसतो, मग ओपन स्पेस कुठून येणार? घराच्या भिंतीला लागून रस्ता, तोही बारा फुटी. हद्दवाढीवर इतकी वर्षं भांडतोय आपण, पण या लोकांना चालायला जागा कुठे देणार यावर कोणी बोलत नाही. तिथल्या माणसाला जोर-बैठका सांगा, जरूर सांगा. पण त्याचा मधुमेह ही त्याची एकट्याची चूक आहे असं म्हणू नका.

आकडेमोड

एकट्याची चूक असं मी म्हणतच नाही. मी प्राधान्याचं बोलतोय. गरोदर बाईच्या पोषणावरचा रुपया पुढच्या पिढीपर्यंत जातो. ट्रॅकवरचा रुपया कुठपर्यंत जातो हे कोल्हापुरात कोणी मोजलेलं नाही. उपनगरातले सारखे दोन भाग घ्या. एकात दिवे, फूटपाथ आणि ओपन स्पेस करा, दुसऱ्यात दोन वर्षांनी करा. दोन्हीकडे कमरेचा घेर आणि साखर आधी मोजा, नंतर मोजा. फरक दिसला तर फूटपाथ-दिव्यांच्या मागणीच्या निवेदनावर मी सही करतो. तोवर ‘हा आरोग्याचा खर्च’ हे वाक्य मला मान्य नाही.

बावड्याची आरोग्यसेविका

आधीचा घेर सीबॅक फॉर्ममध्ये भरलेला आहेच, तो नव्याने मोजायची गरज नाही. फक्त ज्या भागात दिवे दोन वर्षं उशिरा लागणार, तिथल्या बायकांना हे सांगायला तुम्ही माझ्याबरोबर या.